पांढरीची मान

मी आमच्या कोंबडीला टपली मारली. जोरात नाही. माणूस पुतण्याला मारतो त्याच्या निम्म्या जोराने. बायकोला नागपूरच्या गाडीत बसवून मी आमच्या गावी, राऊला, घरी परतलो होतो, पुढचे दहा दिवस घरात हुकूम सोडणारं कोणी नव्हतं, आणि अंगणातल्या खुराड्याच्या दारात उभी राहून ही पांढरी माझ्याकडे बघत होती. म्हणजे डोळ्यांवर आलेल्या झिपऱ्यांतून जेवढं दिसेल तेवढं बघत होती. मी म्हणालो, "काय मॅडम, आता आपलंच राज्य," आणि तिच्या डोक्यावरच्या मऊ गोंड्यावर दोन बोटांनी टप्पकन एक दिली. ती खाली बसली. मला वाटलं, लाजली.

टपली हे आमच्या घराण्याचं प्रेम आहे. आमच्याकडे कोणी कोणाला मिठी मारत नाही. दहावी पास झाला, टपली. नोकरी लागली, टपली. माझ्या लग्नात वडिलांनी आहेराच्या आधी भर स्टेजवर मला टपली मारली होती, अल्बममध्ये फोटो आहे. नवीन जावयाला वर्षभर सूट असते, मग त्यालाही लागू. त्यामुळे माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी पुढच्या दहा दिवसांत स्वतःलाच बरेचदा समजावलं.

आता ही कोंबडी साधी असती तर गोष्ट इथेच संपली असती. ती सिल्की जातीची. या जातीला पिसं असतात असं म्हणायचं, पण दिसायला पिंजलेल्या कापसाला पाय फुटावेत तशी. पायाला चारच्या जागी पाच बोटं, कातडी काळी कुळकुळीत, उडता अजिबात येत नाही, आणि पिसांत पाणी धरतं म्हणून भिजली की आजारी. थोडक्यात, देवाने कोंबडी करायला घेतली आणि मध्येच त्याला ससा आठवला. शेजारचे लोक अजूनही तिला कडकनाथ समजतात. काळं कातडं म्हटलं की आपल्या मध्य प्रदेशात माणसाला दुसरं काही सुचत नाही. "भिया, कब काट रहे हो?" हा प्रश्न आम्हाला फाटकावर दर आठवड्याला येतो.

कोंबड्यांचं सगळं बायकोचं. ती भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये प्राणिशास्त्र शिकवते, आणि दिवसभर मुलांना बेडकाचं हृदय समजावून कंटाळली की घरी येऊन कोंबड्यांत बसते. एक कोंबडा आणि तीन कोंबड्या. तीन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती: पूर्ण पांढरी, एकही करडं पीस नसलेली, दोन्ही पायांना पाच-पाच बोटं असलेली मादी. पिल्लं निघायची, मोठी व्हायची आणि कोणाच्या मानेवर राखाडी ठिपका निघायचा, कोणाचं पाचवं बोट गायब, आणि जे अगदी हवं तसं असायचं ते आरवायला लागायचं. सिल्कीत नर-मादी पाच-सहा महिने कळतच नाही. शेवटी ही पांढरी निघाली. आता तिची अंडी उबवायची, त्यातून पुढची पिढी. बायकोची तीन वर्षं त्या एका दीड किलोच्या कापसात होती.

मीही हातभार लावला होता. सिल्कीच्या शेपटीखाली इतका पिसारा असतो की कोंबड्याची सगळी मेहनत त्यातच अडकते आणि अंडी वांझ निघतात. म्हणून तिथली पिसं कापावी लागतात. बायकोने पांढरीला उलटं धरलं आणि मी माझ्या दाढीच्या मशीनने काम केलं. त्या दिवसापासून मी दाढी ठेवली आहे. ऑफिसात म्हणतात, शोभते.

तर बायकोच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून बायको नागपूरला गेली. जाताना फ्रिजवर दोन पानं चिकटवून गेली. दाणा किती, पाणी कधी बदलायचं, पायाला खरूज दिसली तर काय लावायचं, राखाडी कोंबडी खुडूक झाली आहे तिला अंड्यांवर बसू द्यायचं नाही, पिसांत उवा दिसल्या तर वडिलांची दाढीची पावडर लावायची नाही, लगेच फोन करायचा. दोन पानांत टपलीचा उल्लेख नव्हता. ही माझी कायदेशीर बाजू.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तर पांढरीची मान उलटी. चोच वर, गोंडा खाली, आणि ती तशीच मागे-मागे सरकत जाऊन भिंतीला टेकली.

माझे वडील ब्याऐंशीचे आहेत. महूला फौजेत खच्चरांच्या कंपनीत आयुष्य काढलं. जगातला कुठलाही प्राणी त्यांच्या लेखी कमी-जास्त मापाचं खच्चरच. ते काठी टेकत आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"आभाळात बघतीय," ते म्हणाले. "विमान गेलं का?"

"बाबा, मान वाकडी झालीय तिची."

"खच्चराची मान अशी झाली की आम्ही दुसरं खच्चर दुसऱ्या बाजूला बांधायचो. त्याला बघायला म्हणून हे मान वळवतं."

आम्ही राखाडीला आणून पांढरीच्या उजवीकडे ठेवलं. राखाडीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वाटीतला दाणा खाल्ला आणि तिथेच खुडूक बसून घेतलं. पांढरीची मान तशीच.

"काल मी टपली मारली होती," मी म्हणालो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुमच्या सुनेला सांगू नका."

"हं," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

संध्याकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल. आधी मेव्हणी: "जयभीम भाऊजी, मला एकच डोळा दिसून राह्यला, तुम्ही अर्धेच दिसता, बरे दिसता." मग बायको: "दाखवा माझी पांढरी."

मी याची तयारी आधीच करून ठेवली होती. मी फोन तिरका धरला. कोंबडी ज्या कोनात वाकडी त्याच कोनात फोन वाकडा केला की पडद्यावर मान सरळ येते. दुपारी मी वडिलांचा फोन घेऊन सराव केला होता. अडचण एवढीच की कोंबडी सरळ दिसायला लागते आणि बाकी सगळं जग कलंडतं.

"अहो, भिंत काऊन तिरपी दिसून राह्यली?"

"नेटवर्क."

"आणि पाण्याची वाटी? ती तर उभी दिसते."

"इकडे नेटवर्कच बेकार आहे गं आज."

"बरं," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. बावीस वर्षांच्या संसारात तिचं "बरं" म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पांढरीला पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेलवर बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेली. आमच्या आधी दोन कुत्रे आणि एक गाय. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"कड़कनाथ है?"

"नहीं साहब, सिल्की."

"चमड़ी काली है?"

"काली है."

"तो फिर?"

मी हा मुद्दा सोडून दिला. त्यांनी तिला उचललं, मान फिरवून बघितली, डोळे बघितले, पाय ओढून बघितले. मग विचारलं, "कहीं गिरी? किसी ने मारा?"

"नहीं, नहीं," मी म्हणालो. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी मुंगी मारली नाही अशा आवाजात. नंतर विचार केला तर आधीच्याच रविवारी मी अर्धा किलो कोंबडी आणली होती.

डॉक्टर गंभीर झाले. मार लागला नसेल, तर एक म्हणजे जीवनसत्त्वांची कमतरता. पण दुसरा एक आजार असतो, मेरेक्स, विषाणूचा. त्यात मान अशीच जाते, मग पाय जातात. त्याला औषध नाही. पिसांच्या धुळीतून पसरतो, म्हणजे बाकीच्यांनाही लागला असणार. "अगर वो निकला," ते म्हणाले, "तो ब्रीडिंग भूल जाओ. किसी को चूज़ा मत देना. पूरी लाइन बंद." मग पिल्लं अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवशीची लस दिली होती का, हे त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. आमच्याकडे लस वगैरे गोष्टी बायकोला माहीत असतात, मला फक्त सुई कुठे फेकायची ते माहीत असतं.

मी खोकं घेऊन बाहेर आलो आणि स्कूटरवर बसून राहिलो. एक टपली लपवायची म्हणून मी बायकोची तीन वर्षं बंद करायला निघालो होतो. तरी लगेच आत जाऊन खरं सांगितलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस कोंबडीच्या डॉक्टरसमोर कबुली देतो म्हणजे त्याला थोडी तयारी लागते.

संध्याकाळी पुन्हा कॉल. पुन्हा तिरपी भिंत. मी अगदी सहज आवाजात म्हणालो, "सहज विचारतो, आपल्या कोंबड्यांना पहिल्या दिवसाची ती लस दिली होती का?"

"सहज?"

"जनरल नॉलेज."

"दिली होती. सगळ्यांना. का?"

"नाही, चांगली गोष्ट आहे. लस देणं."

"बरं," ती म्हणाली. "व्हिटॅमिन ईच्या गोळ्या माझ्या खणात आहेत. सहज सांगते."

मी याचा अर्थ असा लावला की प्रवासात तिला चेहऱ्याची काळजी वाटते आहे. इतका मी हुशार.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी पांढरीचं खोकं घेऊन दारात.

"डॉक्टर साहब, लस दी थी. और वो... मारी थी."

"क्या मारी थी?"

"टपली. प्यार से." मी स्वतःच्या डोक्यावर मारून दाखवली.

"ज़ोर से?"

"हमारे घर के हिसाब से धीरे."

डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. "सुनो, इधर आओ. इनको मुर्गी पे प्यार आ गया था." दोघं मनसोक्त हसले. गाय घेऊन आलेला माणूसही हसला, त्याला तर काही कळलंही नव्हतं. मग डॉक्टरांनी पांढरीचा गोंडा दोन बोटांनी हलकेच बाजूला केला आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. खाली एक टेंगूळ होतं, लहान लिंबाएवढं, आणि ते पुरतं कठीण लागत नव्हतं.

"इस नस्ल में यहाँ हड्डी पूरी बंद नहीं होती," ते म्हणाले. "दिमाग यहीं रखा है, ऊपर बस रुई है. भिया, इसको सिर मत समझो, अंडा समझो."

मी बोट मागे घेतलं. त्यानंतर मला बराच वेळ हसू आलं नाही.

त्यांनी सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, औषधं लिहून दिली आणि नीट सांगितलं: अंधाऱ्या खोलीत ठेवा, दिवसातून चार वेळा औषध, व्हिटॅमिन ई, बी-कॉम्प्लेक्सचे थेंब, मान हाताने हळूहळू सरळ धरून पाणी पाजा, नाहीतर तहानेने मरेल. आठवड्यात फरक पडला तर पडला. "नहीं पड़ा तो देखेंगे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता पुढची गाय बोलावली.

ऑफिसात फोन केला. मी पीथमपुरात एका कारखान्यात क्वालिटीला आहे, नट-बोल्ट मोजतो. साहेबांना म्हणालो, "सर, घर पे गर्दन का प्रॉब्लेम हो गया है, सीरियस है." साहेब म्हणाले, "अरे, बाबूजी की? इस उमर में गर्दन बहुत ख़तरनाक. छुट्टी लो." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. एव्हाना मला सराव झाला होता.

मग आमची दिनचर्या सुरू झाली. मागची खोली अंधारी केली. बायकोच्या खणातल्या हिरव्या गोळ्यांना टाचणीने भोक पाडायचं आणि थेंब चोचीच्या कडेला. मग तिला कडेवर धरायचं, डाव्या हाताने मान सरळ, उजव्या हाताने ड्रॉपरने पाणी. उकडलेलं अंडं कुस्करून भरवायचं. वडिलांना हे पटेना. "कोंबडीला अंडं? तिचंच?" ते म्हणाले. "आम्ही खच्चराला काहीही घातलं, पण खच्चर नाही घातलं."

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. माझा सहकारी, हातात शहाळी आणि सफरचंदं. दार वडिलांनी उघडलं, काठीसुद्धा न घेता. तो त्यांच्या मानेकडे बघत राहिला. वडील म्हणाले, "पेशंट आत आहे." तो आत आला. मी अंधारात खुर्चीवर, मांडीवर टॉवेल, टॉवेलात कोंबडी, हातात ड्रॉपर.

"भिया," तो म्हणाला, "ये क्या है?"

"सिल्की."

"कड़कनाथ?" मग ड्रॉपरकडे बघून, "इसके लिए छुट्टी?"

मला वाटलं आता नोकरी गेली. पण तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "पकड़ाओ इधर. तुम पानी गर्दन टेढ़ी करके पिला रहे हो." आणि त्याने एक तास पाणी पाजलं. जाताना शहाळी वडिलांना दिली. ऑफिसात काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण सोमवारी साहेबांनी बाबूजींना गळ्याला पट्टा लावा म्हणून निरोप पाठवला.

रविवार आला. रविवारी आमच्याकडे कोंबडी होते. वडिलांच्या आयुष्यात फक्त दोन रविवार चुकले असतील, दोन्ही लढाईत. मी दुकानापर्यंत गेलो. पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या त्या पांढऱ्या कोंबड्यांच्या माना इतक्या सरळ होत्या की मला तिथून निघावंच लागलं. पनीर घेऊन घरी आलो.

वडिलांनी ताटाकडे पाहिलं. "रविवारी पनीर? कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं, बाबा. म्हणून तर."

त्यांनी पनीर खाल्लं, पण त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

मान रोज पाहायचो. कधी वाटायचं सरळ होतेय, मग फाटकावर कोणी हॉर्न वाजवला की पुन्हा गरकन उलटी. सातव्या दिवशी ती काहीच खाईना. औषध बाहेर टाकलं. तिचं वजन हातात लागतच नव्हतं. नुसती पिसं धरल्यासारखं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही जाणार, आणि बायको आली की मी तिला मोकळं खुराडं दाखवणार. संध्याकाळी कॉल आला तेव्हा फोन तिरका धरायचं माझ्या अंगात बळ नव्हतं. मी कॅमेराच बंद ठेवला आणि म्हणालो, चार्जिंग कमी आहे.

"पोहे द्या तिला," बायको म्हणाली.

"कोणाला?"

"बाबांना. सकाळी. त्यांना आवडतात." आणि फोन ठेवला.

सकाळी मी कोपऱ्यावरून पोहे आणले. वडिलांसाठी एक पुडा, माझ्यासाठी एक. पांढरीला मांडीवर घेऊन बसलो होतो, समोर पोह्यांची प्लेट, वर शेव आणि जीरावन मसाला. ती मान वाकडी करून बराच वेळ तिकडे बघत होती. मग तिने चोच मारली. चुकली, चोच माझ्या पँटवर आली. पुन्हा मारली. पुन्हा चुकली, दोन बोटं डावीकडे. मग मला सुचलं ते इतकं साधं होतं की क्वालिटीच्या माणसाला आधीच सुचायला हवं होतं: तिचा नेम चुकतोय, पण दर वेळी एकाच मापाने चुकतोय. मी एक पोहा, मसाला पुसून, तिची चोच जिथे पडते तिथे ठेवला. टक्. लागला. दुसरा ठेवला. टक्. वडील आपला पुडा बाजूला ठेवून बघत होते.

"अजून ठेव," ते म्हणाले. "निशाणा धरलाय तिनं."

तिने अकरा पोहे खाल्ले. मग मांडीवरच जे करायचं ते केलं, आणि आम्ही दोघांनी त्याचंही कौतुक केलं. नवव्या दिवशी मान बरीच सरळ होती. दहाव्या दिवशी कोंबडा अंगणात आरवला तशी तिने त्या दिशेला मान वळवली, नीट, आपली आपण, आणि त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला त्याची दया आली.

बायको स्टेशनवरून रिक्षाने आली. तिची बॅग माझ्या हातात यायच्या आधी मी फाटकातच सगळं बोलून टाकलं. टपली, मान, तिरका फोन, खोटं, डॉक्टर, गाय, पनीर, सगळं. घाईत मी ते इतकं उलटसुलट सांगितलं की रिक्षावालाही थांबून ऐकत होता.

ती रिक्षावाल्याला पैसे देऊन आत आली. चप्पल काढून सरळ खोलीत गेली, पांढरीला उचललं, गोंडा बाजूला करून टेंगूळ बघितलं, पिसांत बोटं घालून छातीचं हाड चाचपलं, पायाची बोटं मोजली. मीच एखादं पाचवं बोट खाल्लं असेल अशा संशयाने. पांढरीने तिच्या ओढणीला चोच मारली. ती नेमकी लागली.

"मान वाकडी झाली त्याच दिवशी बाबांनी सांगितलं होतं मला," बायको म्हणाली.

मी वडिलांकडे वळलो. ते पेपर वाचत होते. "तिनं विचारलं, बाबा, जेवलात का," ते पेपरातूनच म्हणाले. "मग बोलता बोलता निघालं."

"आणि दहा दिवस तू मला ती तिरपी भिंत..." मी फोनच तिरका धरून दाखवला. "मला झोप नाही लागली! एकदा तरी म्हणायचं होतं की तुला माहीत आहे!"

बायकोने पांढरीला माझ्या हातात दिलं आणि बॅग उघडून संत्री काढायला लागली.

"म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर तिसऱ्या दिवशी औषध विसरले असते तुम्ही. दुपारचा डोस झाला का तिचा?"